जग्वार दाखवणाऱ्यांकडून कॅपीबारा पाहून आले

रेटिंग आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. गाइडला पाच, होडीला साडेचार, जेवणाला तीन, खोलीला तीन आणि आंघोळीच्या गरम पाण्याला शून्य. लॉजचं नाव घालत नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्याशी वाजलं होतं, नंतर मिटलं, आता चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. ब्राझीलच्या पांतानाल या अफाट पाणथळ प्रदेशात ट्रान्सपांतानेरा नावाचा मातीचा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना अशी बरीच लॉज आहेत, त्यातली कितीतरी मुळात गुरांची फार्मं. आता तिथं अर्धी गुरं आणि अर्धे पाहुणे राहतात.

मी पशुवैद्य. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत एकतीस वर्षं काढली. अडलेल्या म्हशी, पोट फुगलेल्या शेळ्या, लाळ्या-खुरकुताच्या लसी, आणि "डॉक्टर कुठायत?" असं मलाच विचारणारे शेतकरी. मुलगा ब्राझीलमध्ये कांपिनासला असतो, साओ पावलोपासून शंभरेक किलोमीटरवर. जुलैत तिथल्या शाळांना सुट्टी असते म्हणून गेले. नातू दहा वर्षांचा, कॅपीबारा या उंदीर-घुशींच्या गणातल्या दांडग्या प्राण्याने झपाटलेला. दप्तरावर कॅपीबारा, चादरीवर कॅपीबारा, पाण्याच्या बाटलीवर डोक्यावर संत्रं ठेवून डोळे मिटलेली कॅपीबारा. जपानमध्ये इझूच्या एका प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून त्यांना थंडीत गरम पाण्याच्या कुंडात बसवतात, फळं तरंगत सोडतात. त्याच थाटातलं ते चित्र.

"ती सगळ्यांची मैत्रीण असते आजी. मगरसुद्धा तिला खात नाही."

"बघू या," म्हटलं.

पहिली गाठ कांपिनासमध्येच पडली, एका तळ्याकाठच्या बागेत. हिरवळीवर सात-आठ जणी लोळत होत्या. आपल्याकडची घूस मोठी म्हणजे किलोभराची. तिच्याच गणातला हा आजच्या जगातला सगळ्यात मोठा प्राणी, साधारण पस्तीस ते पासष्ट किलो. म्हणजे चांगला पोसलेला बोकड समजा, फक्त पाय आखूड, धड पिंपासारखं आणि शेपूट नावापुरतीसुद्धा नाही. लिनियसने १७६६ साली तिला सरळ डुकरांत घालून टाकलं होतं. नात्यानं ती गिनीपिगची जवळची, आणि आपल्याकडचं काही सांगायचं तर घुशीपेक्षा साळिंदर तिला जवळचं.

नातू धावणार तेवढ्यात सूनबाईने त्याचा दंड धरला. शेजारी पाटी होती, तिच्यावर गोचिडाचं मोठं चित्र. गवतात बसू नका. ही पाटी शोभेची नाही. साओ पावलोच्या त्या पट्ट्यात गोचिडांमुळे एक ताप होतो, ब्राझिलियन स्पॉटेड फीवर. २०२३ च्या जूनमध्ये कांपिनासजवळ त्यानं माणसं दगावली होती. त्यात कॅपीबाराचा भाग मोठा चमत्कारिक आहे. तिला स्वतःला काही होत नाही. पहिल्यांदा लागण झाली की काही दिवस तिच्या रक्तात जंतू फिरतात, त्या दिवसांत जेवढे गोचीड तिच्यावर पोसतात त्यातले बरेच जंतू घेऊन उतरतात. मग ती कायमची सुटते. पण कळपात पुन्हा नवं वेत येतं, नवी कोरी पिल्लं, आणि चक्र परत सुरू. जिथं भरपूर गवत आणि तळं आहे, पण शिकारी प्राणी नाहीत तिथं तिची पैदास जोरात होते, म्हणजे बागेत आणि गोल्फच्या मैदानावर. मुलाला सांगितलं, याला कॅपीबारा दाखवायच्या असतील तर जिथं त्यांना खाणारं कोणीतरी आहे तिथं घेऊन चल.

असे आम्ही चौघं पांतानालला निघालो. कांपिनासहून कुयाबाला विमानानं सव्वादोन तास, तिथून शंभरेक किलोमीटरवर पोकोने गाव, आणि पोकोनेनंतर ट्रान्सपांतानेरा सुरू. सुमारे १४५ किलोमीटर मातीचा भराव, शंभरावर पूल, त्यातले काही लाकडी, शेवट पोर्तो जोफ्रेला नदीकाठी. त्यापुढं रस्ताच नाही. भराव घालायला दोन्ही बाजूंची माती उकरली, तिथं खड्डे पडले, खड्ड्यांत पाणी साठलं, आणि कोरड्या महिन्यांत सगळी जनावरं त्या पाण्यावर येतात. म्हणजे रोजगार हमीवरच्या पाझर तलावासारखंच, फक्त इथं प्रत्येक डबक्याला वीस-तीस मगरी. तिथं त्यांना जाकारे म्हणतात, आपल्या मगरीपेक्षा लहान जात. पुलांवर गाडी चढली की फळ्या अशा वाजतात की सूनबाई डोळे मिटून घ्यायची. लॉजची गाडी स्वच्छ होती, चालक सावकाश चालवणारा. याबद्दल पूर्ण गुण.

आता भांडण. आम्ही बुकिंग करताना सांगितलं होतं की आम्हाला कॅपीबारा आणि पक्षी बघायचेत, जग्वारची, म्हणजे तिकडच्या बिबट्यासारख्या मोठ्या मांजराची सफर नको. पहिल्या पहाटे साडेचारला उठवून आम्हाला दुसऱ्या पाहुण्यांबरोबर पोर्तो जोफ्रेला पाठवलं. का, तर गाडी तशीही जाणार होती. जाताना तीन तास, येताना तीन तास. नदीत होड्या सुसाट, वायरलेसवर कोणीतरी ओरडतं, मग सगळ्या होड्या एकाच वळणाकडे. ताडोब्यात जिप्सींची जी गर्दी होते, डिट्टो तीच, फक्त पाण्यावर. सतरा होड्या मोजल्या नातवानं. झुडपात जग्वारची पाठ दिसली, पिवळी, ठिपक्यांची, आणि गेली. तिथल्या भाषेत ती ओन्सा.

"ती काय शोधतेय?" नातवानं विचारलं.

होडीवाला म्हणाला, "जाकारे. नाहीतर कापिवारा."

पोराचं तोंड उतरलं. संध्याकाळी मी काउंटरवर गेले. मॅनेजर सभ्य माणूस, पण त्याला माझं म्हणणंच कळेना. फक्त कॅपीबारासाठी इतक्या लांब कोणी येत नाही, म्हणाला. मी म्हटलं, मी आलेय, भारतातून. मुलगा मध्ये दुभाषा, तो माझं निम्मंच सांगत होता हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी ठरलं ते असं: उरलेल्या दोन्ही सकाळी आणि एक संध्याकाळ आमच्यापुरती होडी आणि एक गाइड, वेगळे पैसे नाहीत. इथून पुढचे सगळे तारे या गाइडचे.

तो पन्नाशीचा, याच भागातल्या गुराख्याचा मुलगा. कमरेला गाईच्या शिंगाचा पेला, त्याला ग्वांपा म्हणतात, त्यात तेरेरे, म्हणजे माते नावाच्या पाल्याचा थंड पाण्यातला चहा, सारखा चालू. त्यानं मला एकच प्रश्न विचारला: किती वेळ गप्प बसू शकता? मी म्हटलं, अडलेल्या म्हशीशेजारी रात्रभर बसलेय. मुलानं हे मात्र पूर्ण भाषांतर करून सांगितलं असावं, कारण तो हसला आणि पुढे आम्हाला कुठंही पळवलं नाही. नदीच्या एका वाकणाला होडी लावली, इंजिन बंद केलं, आणि तिथंच तीन तास. समोर वाळूचा काठ, मागं आखूड गवत, त्यामागं झाडी. कळप तिथंच राहणारा होता. मोठ्या एकोणीस आणि पिल्लं सात. मोजणी नातवाची.

पहिला अर्धा तास काही घडलं नाही, म्हणजे मला तसं वाटलं. सगळ्या बसलेल्या, अर्धे डोळे मिटलेले, बाटलीवरच्या चित्रासारख्या. मग गाइडनं बोटानं कडेचे दोन नर दाखवले. तेही बसलेले, पण तोंडं बाहेरच्या बाजूला, एकाचं झाडीकडे, एकाचं पाण्याकडे. हे दुय्यम नर. कळपात त्यांना मान नाही, माद्यांजवळ गेले की म्होरक्या हुसकावतो, म्हणून ते कडेला राहतात. आणि कडेला राहतात म्हणून धोका आधी त्यांनाच दिसतो. थोड्या वेळानं झाडीकडच्याने एकदाच कुत्र्यासारखं "वॉफ" केलं. डोळे मिटलेल्या सव्वीसच्या सव्वीस जीवांनी एकाच क्षणी मान वर केली. दुसरं "वॉफ" झालं आणि काठ रिकामा. पाण्यावर नुसती नाकं, डोळे, कान, एका रेषेत. म्हैस डुंबते तेव्हा दिसतं तसंच, पण म्हैस सुखासाठी डुंबते. या जीव वाचवायला गेल्या होत्या. गरज पडली तर पाचेक मिनिटं पूर्ण बुडून राहतात. पायाच्या बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात, पुढे चार बोटं, मागे तीन.

झाडीत काय होतं ते आम्हाला दिसलं नाही. वीस मिनिटांनी एकेक करून वर आल्या आणि पुन्हा डोळे मिटून बसल्या. निवांत प्राणी म्हणून जो बोलबाला आहे तो या डोळे मिटण्यावरून झाला असणार. फोटोत कडेचे दोन येत नाहीत.

म्होरक्या ओळखायला सोपा. नाकाडावर काळं, चकचकीत, केस नसलेलं टेंगूळ. मी आधी गाठ आली असं समजले, सवयीनं; हात लावून बघावंसं वाटलं. ती वासाची ग्रंथी. तो चालता चालता झुडपावर नाक घासतो, पुढे सरकतो, आणि मागची ग्रंथी टेकवतो. हा माझा मुलूख, अशी पाटी. माद्यांनाही मागच्या ग्रंथी असतात, नाकाडावरचं टेंगूळ मात्र नरांचंच फुगतं. दुपारी त्यानं एका दुय्यम नराला असं पिटाळलं की तो थेट आमच्या होडीपाशी येऊन पाण्यात आदळला. नातू म्हणाला, "आजी, हा मैत्रीण नाहीये."

मला खरा रस त्यांच्या जबड्यांत होता. काठावरच्या त्याच गवतात लॉजची गुरं चरायला येत. पांढरी, वशिंडाची, गळ्याखाली पोळी लोंबणारी. मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. ही नेलोरे, म्हणजे आपल्या आंध्रातली ओंगोल; नेल्लोर जिल्ह्याचं नाव घेऊन ती इथं आली. एकोणिसाव्या शतकापासून येत होती, १९६२ ला मोठी खेप आली, आणि आज ब्राझीलच्या वीस कोटींवर गुरांत वशिंडवाल्यांचाच भरणा आहे. गीरसुद्धा इथं नावाजलेली. तर एकाच गवतावर उजवीकडे ओंगोल आणि डावीकडे कॅपीबारा. गाईचा जबडा आडवा फिरतो, हे कोणालाही माहीत आहे. कॅपीबाराचा पुढे-मागे जातो, पाट्यावर वरवंटा फिरवावा तसा. पुढचे दात आणि दाढा, सगळे आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून सिलिकानं भरलेलं गवत दळूनही झिजून संपत नाहीत. दिवसाला तीन-साडेतीन किलो गवत. चार पोटांचा कारखाना नाही, सगळं आंबवणं मागच्या बाजूला सीकममध्ये, म्हणजे अंधनालात, घोड्यासारखं. आणि तिथं तयार झालेलं सत्त्व पुढे शोषायला जागा उरत नाही, म्हणून सकाळी स्वतःचीच मऊ लेंडी पुन्हा खातात, सशासारखी. हे आम्ही दुसऱ्या सकाळी प्रत्यक्ष पाहिलं. सूनबाईने न्याहारीचा पाव परत ठेवला. मी तिला म्हटलं, अगं, गाय रवंथ करते तेच हे, फक्त उलट्या दारानं.

आणखी एक गंमत. माणसासारखंच त्यांच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही. रानात ओल्या गवतातून मिळतं. प्राणिसंग्रहालयात नुसत्या कोरड्या खाद्यावर ठेवलं तर हिरड्या सुजतात, स्कर्व्ही होतो. बाटलीवरच्या संत्र्याबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बरं झालं.

गाभणकाळ साधारण पाच महिने, अगदी शेळीइतका. वेताला सरासरी चार पिल्लं, डोळे उघडे, दात आलेले, आठवड्याभरात गवताला तोंड लावणारी. पिण्याची मात्र सार्वजनिक सोय. सातही पिल्लं एकाच मादीच्या मागे लागली होती, ती उठून गेली तर शेजारचीला जाऊन चिकटली, आणि कोणी लाथ मारली नाही. आमच्या गोठ्यात दुसऱ्याचं वासरू लावायचं तर मीठ चोळा, कातडं पांघरा, काय काय करावं लागतं! पिल्लं सारखी आवाज करतात, किणकिण आणि शीळ यांच्या मधला. आयांना त्यावरून ठावठिकाणा कळत असावा. समागम फक्त पाण्यात होतो. मादी पुढे पोहते, नर मागे, आणि तिला नको असेल तर ती सरळ बुडी मारते, याला वरती शोधत बसावं लागतं. तीस वर्षं कृत्रिम रेतनाच्या नळकांड्या वागवलेली मी, हे फार कौतुकानं पाहत होते. सूनबाई त्या वेळी नातवाला विरुद्ध काठावरचा तुयुयू करकोचा दाखवत होती.

घोड्यांची गोष्ट लिहायलाच हवी. परत येताना गाइडचा घोडा दाखवायला नेलं. पांतानालचे घोडे वेगळ्या जातीचे, दलदलीत चालणारे. तो म्हणाला, इथं घोड्यांना एक रोग होतो, मागचे पाय जातात, कंबर लुळी पडते, "माल जी कादेराश", म्हणजे कमरेचं दुखणं. जुने लोक सांगत, कॅपीबारा मरायला लागल्या की घोडे सांभाळा. मी म्हटलं, ताप येतो? अंगाखाली सूज? वाळत जातो? तो बघतच राहिला. अहो, हा आपला सर्रा! शब्दच आपल्याकडचा. १८८० साली, आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माइल खानला ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने उंटा-घोड्यांच्या रक्तात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला, म्हणून त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. गोमाश्या तो पसरवतात, आणि पांतानालात कॅपीबारा तो अंगात बाळगून हिंडतात, बहुतेक वेळा काही न होता. कुठलं डेरा इस्माइल खान आणि कुठली ही नदी! तासभर आम्ही दोघं खुणांनी सर्र्यावर बोलत होतो. मुलगा म्हणाला, आई, तू इथं सुट्टीवर आलीयेस.

गोचिडांचं सांगायचं राहिलं. लॉजवर पहिल्या दिवशी कोणी काही सूचना दिली नाही, हे चूकच. गाइडनं मात्र दिली: पँट मोज्यांत खोचा, फिकट कपडे घाला, आलात की अंग तपासा. रोज रात्री मी चौघांची दावण लावून तपासणी केली, टॉर्च घेऊन. नातवाच्या गुडघ्यामागे एक सापडला. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. तेल, चटका, काही नाही. लवकर काढला तर जंतू उतरायला वेळ मिळत नाही. परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला गोचिडाचं आपण होऊन सांगायचं. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण वेळेत. कॅपीबारांचे गोचीड काढायला मात्र सेवक होते: पिवळ्या डोक्याची काराकारा (दिसते घारीसारखी, पण ससाण्याच्या कुळातली) त्यांच्या पाठीवर बसून कान साफ करत होती, आणि कॅपीबारा कुशीवर कलंडून पोट पुढे करत होती. आपल्या म्हशीवरच्या बगळ्याची चुलत बहीण.

जेवण. भात, काळ्या-तांबड्या घेवड्याची उसळ, मांदिओका, आणि बाकी सगळं मासे. पिंतादो आणि पाकू चांगले होते म्हणे, मुलगा खातो. शाकाहाऱ्यांनी चटणीची पुडी घेऊन जावी. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. मी काही न बोलता उपाशी राहायचं ठरवलं होतं, तर स्वयंपाकघरातल्या बाईंनी मांदिओका तळून आणला. अरे, हाच तर साबुदाण्याचा कंद! उपासाला शास्त्रोक्त चालतो. मूळचा इथलाच, आपण उसना घेतलेला. त्यावरून गाइडनं सांगितलं की व्हेनेझुएलात ईस्टरआधीच्या उपासात कॅपीबारा खातात. पाण्यात राहते ना, मग माशात जमा, शतकानुशतकं चालत आलेलं. मी म्हटलं, एकादशी न् दुप्पट खाशी आमच्याकडेही आहे. हे मात्र भाषांतरात जमलं नाही. ब्राझीलमध्ये तिची शिकार १९६७ च्या कायद्यानं बंद आहे.

त्याच रात्री दक्षिणेकडून वारा सुटला. फ्रियाजें म्हणतात त्याला, थंडीची लाट. दुपारी बत्तीस अंश आणि पहाटे शाल कमी पडेल असा गारठा. गरम पाणी नेमकं तेव्हाच गेलं, ते निघेपर्यंत आलं नाही. पांघरूण मागितल्यावर मिळालं, पण मागावं लागलं. खोलीतला एसी बंद केला तरी घुरघुरतो. असो.

थंडीच्या सकाळी कळप पाण्यापासून लांब, उन्हाच्या पट्ट्यात एकमेकींना टेकून बसला होता, पिल्लं मधोमध. नेहमीच्या वेळेला कोणी पाण्यात उतरेना. शेजारच्या होडीतल्या एका पाहुण्याने उतरून जवळ जायचा प्रयत्न केला, फोन पुढे धरून. गाइडनं इतक्या जोरात नको म्हटलं की आम्हीच दचकलो. कॅपीबाराचे पुढचे दात मांडीला लागले तर टाके मोजत बसाल, आणि तसंही, बसलेला कळप उठवून थंड पाण्यात घालवायचा तुम्हाला काय अधिकार? (दुसरं वाक्य त्याचं, पहिलं माझं.)

नातू मोजत होता. तीनदा मोजलं. एकोणीस आणि सहा.

"आजी, एक झोपलंय का कुठं?"

गाइडला त्यानं स्वतःच विचारलं, त्याच्या शाळेच्या पोर्तुगीजमध्ये. गाइडनं बोटं मोडून यादी सांगितली, काही लपवलं नाही: सुकुरी, म्हणजे ॲनाकोंडा, जाकारे, वरून मोठे शिकारी पक्षी, ओन्सा. मोठ्या कॅपीबाराच्या वाटेला जाकारे सहसा जात नाही, काठावर शेजारी शेजारी ऊन खात पडतात, ते फोटो खरेच आहेत. पिल्लू वेगळं. नातू बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं विचारलं, कडेचे दोघं काल रात्री झोपले होते का? याचं उत्तर गाइडकडेही नव्हतं, माझ्याकडेही.

जाणाऱ्यांसाठी. पीतज्वराची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपा, ब्राझीलहून परत भारतात उतरताना ते मागतात. जुलै ते सप्टेंबर कोरडा हंगाम, रस्ता चांगला, जनावरं पाण्याजवळ एकवटलेली, आणि दर सगळ्यात चढे. ते जग्वारमुळे, त्यात आपला दोष नाही. स्वेटर न्या, ब्राझील म्हणून हसू नका. दुर्बीण न्या, लॉजच्या दुर्बिणी खेळण्यातल्या आहेत. आणि जे बघायचंय ते बुकिंगमध्ये लिहून घ्या, तोंडी सांगू नका: "कापिवारा", आणि सोबत किती तास एका जागी बसणार तेही.

निघताना काउंटरवर वही असते, कोणी काय पाहिलं त्याची. पहिला रकाना ओन्साचा, सगळ्यांनी तिथं उद्गारचिन्हं ठोकलेली. कॅपीबाराला रकानाच नव्हता. नातवानं पट्टी मागून घेऊन शेवटी एक रकाना आखला, त्यात लिहिलं: १९, ७, खाली ६. ओन्साच्या रकान्यात रेघ मारली.

"अरे, पाहिली होती ना आपण?"

"पाठच दिसली फक्त, आजी. ती धरत नाहीत."